यारेली कुणाबरोबर आहे

बसचा वेग मंदावला तशी दिल्सियाने मांडीवरची मुलगी उचलली आणि मधली वाट ओलांडून माइतेनाच्या शेजारी, खिडकीकडच्या रिकाम्या जागेवर बसवली. माइतेनाचंच जाकीट तिच्या अंगावर घातलं, हनुवटीपर्यंत वर ओढलं.

"डोळे मीट, यारेली."

मुलीने लगेच डोळे मिटले.

"काय झालं गं?" माइतेनाने विचारलं.

"पुढे पोलीस आहेत. विचारलं तर तुझी आहे म्हण."

"माझी? अगं, पण—"

दिल्सिया थांबली नाही. ती पार मागे, कोंबड्यांची टोपली पायांत धरून बसलेल्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसली.

माइतेना अर्जेंटिनाची, रोसारियो शहरातली. पाठीवर पिशवी टाकून पनामाहून उत्तरेकडे निघाली होती. गावच्या चौकात फडकं पसरून स्वतः विणलेली दोऱ्याची कंकणं विकायची, स्वस्तातली खाट बघायची आणि जो भेटेल त्याच्या सोबतीने पुढचं गाव गाठायचं. अशा सोबत्यांशी ताटातलं वाटून खाल्लं जाई, पण आडनाव कुणी कुणाला विचारत नसे. होंडुरासच्या सरहद्दीपलीकडच्या एस्किपुलास गावात, काळ्या ख्रिस्ताच्या देवळामागच्या लॉजवर, तिला होंडुरासच्या या मायलेकी भेटल्या. नवस फेडायला आलोय, असं दिल्सिया म्हणाली. एकाच शेगडीवर दोघींनी काळा घेवडा शिजवला, केळी तळली. दिल्सिया माइतेनाच्या अर्जेंटिनी हेलाची अशी हुबेहूब नक्कल करायची की बाकीचे मुसाफिरही जेवायचे थांबून हसायचे. या देशाच्या राजधानीपर्यंत एकत्रच जाऊ, हेही तिनेच सुचवलं होतं.

बस थांबली. एक पोलीस वर चढला. माणसं न सांगताच कागद काढू लागली.

माइतेनाचा पासपोर्ट त्याने सावकाश चाळला.

"अर्जेंटिना. इतक्या लांबून?"

"फिरायला."

"आणि ही पोरगी?"

जाकिटाखाली मुलीचा श्वास अगदी संथ चालू होता, झोपलेल्या माणसाचा चालतो तसा.

"माझी आहे."

"शाळा नाही वाटतं हिला?"

"घरी गेल्यावर घालू."

"मजा आहे बाई तुम्हा लोकांची," असं म्हणत त्याने पासपोर्ट परत दिला आणि तो मागे गेला.

मागचं बोलणं माइतेनाला न वळताच ऐकू आलं. शिक्का कुठाय? नाही. मग सरहद्द कुठून ओलांडलीस? एकटीच आहेस? एकटीच.

"उतर खाली. संध्याकाळच्या गाडीने परत होंडुरास."

दिल्सिया वाटेने पुढे आली. माइतेना अर्धवट उठली, तिचं तोंडही उघडलं.

"काय गं, ओळखतेस का हिला?" पोलिसाने दिल्सियाला विचारलं.

"नाही साहेब." दिल्सियाने माइतेनाकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. जाकिटाकडे तर बघितलंच नाही. "सांभाळून जा, बाई," एवढं म्हणून ती पायऱ्या उतरली.

कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली. बस निघाली. बाहेर दिल्सिया हात बांधून उभी होती, तोंड डोंगराकडे करून.

वळण मागे पडल्यावर यारेलीने डोळे उघडले. ती झोपलीच नव्हती. तिने जाकिटाची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"मावशी वेवेतेनांगो शहरात राहते, राजधानीच्या पुढे," ती म्हणाली. "मिर्ना मावशी. बसस्टँडच्या दारात टॉर्टिया विकते. तिच्याकडे जायचंय."

"कुणी सांगितलं तुला?"

"आईने. ती उतरली तर रडायचं नाही. तुझ्याबरोबर जायचं."

"तुझे बाबा?"

"त्यांना सांगायचं नाही. मला सरहद्दीपार न्यायला त्यांची सही लागते, म्हणून तर आम्ही चोरून ओढ्यातून आलो."

माइतेना तिच्याकडे वळली.

"हे सगळं आईने कधी ठरवलं?"

"लॉजवरच. आधी तिथली ती जर्मन बाई घ्यायची होती. पण तिला आपलं बोलणं कळत नाही. मग तू." यारेलीने खिडकीच्या काचेवर नाक टेकवलं. "तू मला बाजारात नेलं होतंस ना, तेव्हा आई मागून येत होती. सबंध वेळ."

"मागून? कशाला?"

"तू हात सोडतेस का बघायला."

माइतेनाला बाजार आठवला. गर्दी, देवळाकडे निघालेले बँडवाले, मेणबत्त्यांच्या राशी. कंकणांसाठी दोरा निवडायला ती एका दुकानापाशी वाकली होती. नंतर मान वर केली तेव्हा मुलगी शेजारी नव्हती. ती धावली होती. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी, एका भिंतीला पाठ लावून, यारेली शांतपणे उभी सापडली होती. त्याबद्दल माइतेनाने दिल्सियाला काहीच सांगितलं नव्हतं.

"मी सोडला होता," माइतेना म्हणाली.

"हो."

"मग आईने बघितलं असेल."

"बघितलं. रात्री मला विचारलं. मी म्हटलं, तिने नाही सोडला, मीच ओढून घेतला."

बस घाट चढू लागली. कंडक्टर तिकिटं तपासत पुढून येत होता.

"असं का सांगितलंस?"

यारेलीने मांडीवरच्या जाकिटाची घडी सारखी केली. मग म्हणाली,

"आई फार दमली होती. आणखी कुणाला शोधणार होती?"