अडाण्याचा शिक्का

ओनोफ्रिओला वाचता येतं, हे अख्ख्या रोममध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पोपच्या फर्मानांना शिशाचा शिक्का मारणारा मठकरी ठार अडाणी हवा, असा जुना नियम. आतली गुपितं बाहेर फुटायला नकोत ना! त्याच्या आधीचा शिक्केवाला चोरून वाचताना सापडला, मठातून हाकलला गेला आणि पुलावर भीक मागत मेला.

पण तीस वर्षं शिक्क्याच्या साच्यावरची पोपांची नावं बघून दगडालाही अक्षरं आली असती. त्यात मधले पोप तरी कसे! एकाचं बूड गादीवर टेकतंय तोच गेला, दुसरा महिन्याभरात आटोपला. पोप गेला की त्याच्या नावाचा साचा फोडायचा, नव्याचा घडवायचा. दर मरणाला ओनोफ्रिओच्या पदरात चार नवी अक्षरं पडायची.

आताच्या पोपना येऊन तेरा दिवस झाले होते. माणूस देवमाणूस. ओनोफ्रिओचा धाकटा भाऊ लेलिओ खेचरावरून झालेल्या भांडणात एकाचा जीव घेऊन बसला होता आणि शनिवारी त्याची फाशी होती. लेलिओची बायको नुन्त्सिया पोपच्या पायांवर जाऊन पडली. त्यांनी माफी दिली.

गुरुवारी सकाळीच ती शिक्केखान्याच्या दारात आली. "भावजी, सही झाली! आता शिक्काच काय तो राहिला. तो तुमच्याच हातात ना?"

"माझ्याच."

"मग जिवात जीव आला बाई माझ्या."

कागदांचा गठ्ठा आला. माफीच्या कागदाला रेशमी दोरी, हुकमाच्या कागदाला तागाची. रेशमाचे सात होते. कडा चाळवताना ओनोफ्रिओला तळाच्या कागदावर भावाचं नाव दिसलं.

"क्रमानं हं!" देखरेखीचा पाद्री इप्पोलितो म्हणाला. "वरचा आधी, खालचा मागून. नाहीतरी तुला सगळे सारखेच. गाढवाला गुळाची चव काय!"

ओनोफ्रिओ सवयीनं हसला आणि ठोकत राहिला. दुपारची घंटा झाली तेव्हा खाली तीन कागद उरले होते.

"पुरे. बाकीचे उद्या."

"तीनच आहेत, महाराज. उरकून टाकतो की."

इप्पोलितोनं डोळे बारीक केले. "का रे? एवढी कसली घाई? काय आहे त्यात?"

एका वाक्याचं काम होतं. माझ्या भावाचा कागद आहे, म्हणायचं. पण कसं कळलं, असं त्यानं विचारलं असतं. ओनोफ्रिओला पुलावर मेलेला तो आधीचा शिक्केवाला आठवला.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला.

"मग झालं तर! पोप काय पळून चाललेत? जराशी कणकण आहे त्यांना, बस."

ओनोफ्रिओनं हातोडा खाली ठेवला. शुक्रवार होता की अजून, त्यानं मनाची समजूत घातली.

शुक्रवारी उजाडताच शहरातल्या सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या. दलदलीच्या तापानं पोपना रातोरात नेलं होतं. चौदा दिवसही पुरे झाले नव्हते!

इप्पोलितोनं नावाचा साचा ऐरणीवर ठेवला. "हाण. आणि ते बिनशिक्क्याचे तीन कागद चुलीत टाक. आता त्यांना कोण विचारतो?"

ओनोफ्रिओनं घाव घातला. साच्याचे दोन तुकडे झाले. तेवढ्यात नुन्त्सिया धापा टाकत दारात आली. "भावजी, घंटा ऐकल्या मी! पण आपला शिक्का झालाय ना? कालच झाला असेल ना?"

त्यानं तळचा कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भावाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि 'जीवदान' हा शब्द. एकाही अक्षराला तो अडखळला नाही.

इप्पोलितोचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला वाचता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

ओनोफ्रिओ त्याच्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

"कालही येत होतं," तो नुन्त्सियाला म्हणाला.