शेपटी कापलेलं नाव

मान वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, मित्रांनो, तरी ऐका. मी एक जुना कंपायलर. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणं हे माझं काम. औषधाचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर माझी सगळी हयात गेली.

एकाच नावाची दोन फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅममधले ठरावीक काम करणारे तुकडे, आली की घोळ होतो. म्हणून प्रत्येक नावाला मी शेपटी लावायचो. आत पूर्ण आकडा जाणार असेल तर एक अक्षर, दशांशाचा असेल तर दुसरं. मग माझा धाकटा भाऊ, लिंकर, सगळे तुकडे जोडायचा. तो बिचारा फक्त नावं जुळवतो. शेपटी जुळली नाही की अडून बसायचा.

पण ती नावं दिसायची भयंकर. "ही काय भुताटकी! वाचून वाचून डोळे गेले माझे," पंपाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताई एकदा वैतागल्या आणि त्यांनी हुकूम लिहिला : औषध किती द्यायचं ते ठरवणाऱ्या फंक्शनचं 'डोस' हे नाव साधंच ठेव. खरं सांगू? मला बरंच वाटलं. कधी नव्हे ते माझं काम देखणं दिसत होतं.

पुढे ताईंनी 'डोस' बदललं. आधी ते बाळाचं वजन पूर्ण ग्रॅममध्ये घ्यायचं, आता दशांश किलोमध्ये घेऊ लागलं. वजन पाठवणाऱ्या फाइलमध्ये मात्र जुनंच राहिलं. शेपटी असती तर भावाने तिथेच अडवलं असतं. नुसती नावं जुळली, त्याने जोडून टाकलं. मी चकार शब्द काढला नाही.

पंप नवजात बाळांच्या वॉर्डात गेला. नर्सबाईंनी दीड किलोच्या मुलीचं वजन घातलं, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि हात मागे घेतला.

"अगं बाई! एवढंसं लेकरू आणि एवढं औषध? बंद करा आधी हे!"

मुलगी त्यांच्यामुळे वाचली. माझ्यामुळे नाही.

चूक सापडली तेव्हा ताई रडल्या. शेजारच्या टेबलावरचे दादा चिडून म्हणाले, "पण कंपायलरने अडवलं कसं नाही?"

"त्याला कशाला बोलता? मीच सांगितलं होतं त्याला."

चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी तो हुकूम खोडला. 'डोस'ला पुन्हा शेपटी आली. मित्रांनो, माझी नावं बघून तोंडं वाकडी करा, खुशाल हसा. फक्त शेपटी कापायला सांगण्याआधी दोनदा विचार करा. कारण तुम्ही सांगितलंत, तर मी पुन्हा कापीन. मला नाही म्हणता येत नाही.