कड्यात ओवलेली कार्डं

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुलूपबिलूप लावलेली भारी ट्रंक येईल. तसलं काही मनात आणू नका. मी बुटांच्या खोक्याएवढी, जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना खाकी चिकटपट्टी लावलेली वाचनपेटी आहे. स्वभाव जरा खडूस आहे, आधीच सांगून ठेवते. ज्या मुलांना वाचायला जड जातं, त्यांना घरच्या घरी पायरीपायरीने वाचायला शिकवायचं, हे माझं काम. आणि ज्या मुलीसाठी मला घरात आणलं, नेमकी तिलाच मी शिकवू शकले नाही. आज तेच सांगणार आहे. लपवून तरी काय करू?

माझा जन्म साकीनाक्याच्या एका छापखान्यातला. घाटकोपरच्या रुक्मिणीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, यांनी मला तयार करून घेतलं. माझ्या पोटात शहाण्णव कार्डं आहेत, नऊ पायऱ्यांमध्ये लावलेली. प्रत्येक कार्डावर चार शब्द. आधी साधी अक्षरं, मग काना, मग वेलांटी, उकार, मात्रा आणि अगदी शेवटी जोडाक्षरं. चित्र एकही नाही. चित्र असलं की मूल चित्र बघतं आणि अंदाजाने शब्द ठोकून देतं, असं बाईंचं म्हणणं. एक कार्ड तिरकं कापलं गेलं तेव्हा त्या कामगाराला म्हणाल्या होत्या, "अरे बाबा, लेकराच्या हातात जाणार आहे ते. नीट काप ना!" तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता स्वतःचा!

मला घ्यायला नीलम आली. कांजूरमार्गला सातव्या मजल्यावर घर, नवरा जयवंत, सासू सोनूबाई आणि एकुलती एक मुलगी दीप्ती. दीप्ती तेव्हा साडेसात वर्षांची होती, दुसरीत. तोंडाने पटापट बोलणारी, पाढे, कविता सगळं पाठ, पण पुस्तक उघडलं की गप्प. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, घरी बघा जरा. नीलमने ते मनावर घेतलं.

रुक्मिणीबाईंनी तिला एक अख्खी दुपार समोर बसवून सगळं समजावलं. "रोज वीस मिनिटं. दहापैकी नऊ शब्द न अडखळता आले तरच पुढची पायरी. आणि रोज कार्डं पत्त्यांसारखी पिसायची. विसरू नकोस हं." नीलम मान डोलवत होती. मनापासून डोलवत होती बिचारी.

नीलम एका रक्ततपासणीच्या केंद्रात काम करायची. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, दोनला परत. तिथे नळ्यांवर नंबर असतात आणि त्यांचा क्रम चुकला तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात जातो. क्रम मोडायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. पहिल्याच आठवड्यात माझी कार्डं फरशीवर सांडली, एक बादलीत पडलं, एकावर जयवंतचा पाय पडला. नीलमचा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी तिने काय करावं? झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येक कार्डाला भोक पाडून आणलं आणि एक ते शहाण्णव, अगदी नंबराप्रमाणे, सगळी एका मोठ्या लोखंडी कड्यात ओवून टाकली. "आता एकही हरवणार नाही," म्हणाली.

मी आतून ओरडत होते, अगं बाई, पिसणार कशी आता? पण पुठ्ठ्याचा आवाज कोणाला ऐकू येतो!

रोज दुपारी चार वाजता मायलेकी बसायच्या. खिडकी बंद, कारण वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास घरात यायचा. नीलम एका हाताने भाजी निवडायची, दुसऱ्या हाताने कार्ड उलटायची. पहिले दोन महिने दीप्ती अडखळत होती. नीलम शब्द सांगायची, ती मागून म्हणायची. मग अडखळणं कमी झालं, आणि मग थांबलंच. कार्ड उलटायचा अवकाश, शब्द हजर! "बरोबर," नीलम म्हणायची. "झकास! पुढचं."

खरं काय चाललंय ते फक्त मला दिसत होतं. दीप्तीची नजर कार्डावर नसायचीच. ती मम्मीच्या तोंडाकडे बघत, ओळीने पाठ झालेले शब्द म्हणायची. एकदा एकतिसाव्या कार्डाचं भोक फाटलं आणि ते कड्यातून निसटून माझ्या तळाशी पडलं. त्या दुपारी बत्तिसावं कार्ड समोर होतं आणि पोरीने एकतिसाव्याचे चारही शब्द धडाधड म्हणून दाखवले. नीलम गॅसवरचं दूध बघत होती. तिथूनच म्हणाली, "बरोबर."

मित्रांनो, मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. शहाण्णव कार्डं पोटात घेऊन मी नुसती बघत बसले होते.

आता सोनूबाईंबद्दल सांगते. जालन्याकडच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीपुरती अक्षरं जयवंतने गिरवून घेतलेली. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, बुद्धविहारात रोज संध्याकाळी वंदना झाली की धम्माच्या ग्रंथाचं, गेल्या वर्षी थांबलं तिथून पुढे, एक पान मोठ्याने वाचतात. रविवारी लहान मुलांची पाळी असते. सोनूबाई तीस-बत्तीस वर्षं मागच्या रांगेत बसून ते ऐकत आल्या होत्या, दुसऱ्यांच्या नातवंडांना. नीलमला म्हणाल्या, "आपल्या पोरीला एवढं येतंया, मग तिलाबी सांग की वाचायला. एकदा आपल्या घरचा आवाज ऐकू दे मला त्या माइकातून."

नीलमने विहाराचं सगळं बघणाऱ्या खंडूभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "येत्या रविवारी एकशेबारावं पान येईल. तिची तयारी करून घे." नीलमने पानाचा फोटो काढून आणला. दीप्तीने लाडात येऊन सांगितलं, "मम्मी, तू आधी वाच ना, मग मी." नीलमने आठवडाभर वाचलं. शनिवारपर्यंत दीप्ती ते पान स्वल्पविरामासकट म्हणत होती.

रविवारी सगळ्यांनी पांढरे कपडे घातले. नीलमने मलाही पिशवीत घेतलं. इतर आयांना दाखवायचं होतं तिला, हिनेच शिकवलं म्हणून. मला पळून जावंसं वाटत होतं.

आदल्या दिवशी विहारात लाइट गेले होते आणि वाचन झालंच नव्हतं. म्हणजे सगळं एका पानाने मागे राहिलेलं. हे नीलमला कोणी सांगितलं नाही. खंडूभाऊंनी एकशेअकरावं पान उघडून दीप्तीसमोर ठेवलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "कर सुरुवात, बाळा."

दीप्तीने पानाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात एकशेबारावं पान म्हणायला लागली.

खंडूभाऊंचं बोट ओळीवरच थबकलं. पुढच्या रांगेत ज्यांच्या हातात ग्रंथ होता, त्यांनी आधी पान उलटून पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. नीलमने शेजारणीच्या मांडीवरच्या ग्रंथात डोकावलं आणि तिचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला. पोरगी एकही ओळ न चुकता म्हणत होती. तिला थांबवायचं कोणी?

कोणीच थांबवलं नाही. शेवटी खंडूभाऊ खालच्या आवाजात "साधु, साधु, साधु" म्हणाले आणि बाकीच्यांनीही म्हटलं. मागच्या रांगेत सोनूबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्या सगळ्या सभेत पान चुकलंय हे न कळलेल्या दोघीच होत्या, एक आजी आणि एक नात.

सोमवारी चार वाजता नीलमने कडं उघडलं आणि मधलंच एक कार्ड काढलं. "हे वाच." दीप्ती गप्प. दुसरं काढलं. गप्प. सातवं, चाळिसावं, बारावं, सगळ्यांना गप्प.

"दीड वर्ष गं! दीड वर्ष फसवत होतीस मला?"

दीप्ती रडवेली होऊन म्हणाली, "तू बरोबर म्हणायचीस ना. मला वाटलं, ह्यालाच वाचणं म्हणतात."

मित्रांनो, माझ्या पायऱ्या, माझे नियम, माझा सगळा तोरा त्या एका वाक्यात संपला. नीलमही खालीच बसली. तेव्हाच काही करता आलं असतं. पहिल्या कार्डापासून पुन्हा बसता आलं असतं. पण सोनूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आत आल्या. सातही मजल्यांवर वाटायला निघाल्या होत्या. "आता कशाला बसवतीस गं तिला? आली की वाचायला! इमारतीत विचारत्यात मला, सोनूबाई, तुमचीच का नात?"

नीलमने सासूकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि मला उचलून माळ्यावर ठेवलं. दीप्तीच्या कानात म्हणाली, "आजीला सांगायचं नाही." वाईटपणाने नाही म्हणाली. म्हातारीचं सुख मोडवेना तिला. पण आजी दिवसभर घरात, आणि तिच्यासमोर नातीला 'कमळ' वाचायला कसं बसवणार? आज बघू, उद्या बघू करत तीन वर्षं गेली.

त्या तीन वर्षांत दीप्ती काय शिकली, सांगू? चष्मा विसरले म्हणायला शिकली. मैत्रिणीच्या वहीत बघून अक्षरांची चित्रं काढायला शिकली. वर्गात वाचायची वेळ आली की पोट दुखतंय म्हणायला शिकली. शेवटचे चार महिने सोनूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा रोज दुपारी म्हणायच्या, "वाच गं पेपर." दीप्ती पेपर धरायची आणि मनाने बातम्या रचायची. कुर्ल्याला हरवलेलं लेकरू सापडलं. पवईत आजीबाईंचा सत्कार झाला. सोनूबाई डोळे मिटून ऐकायच्या. मी माळ्यावरून ऐकायचे आणि मला सहन व्हायचं नाही. नात बरोबर वाचते, ह्याच समाधानात त्या गेल्या.

पुढे नीलमच्या केंद्रात येणाऱ्या मुलुंडच्या सुहासिनीताईंनी आपल्या मुलासाठी माझी चौकशी केली. मिहिर त्याचं नाव, त्यालाही वाचायला जड जातं. नीलमने मला खाली काढून पुसलं. दीप्ती म्हणाली, "दे त्यांना. मला येतं आता." आणि नीलम, सगळं माहीत असलेली नीलम, म्हणाली, "हो. येतं तुला." त्या क्षणी मला त्या बाईचा इतका राग आला! आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा दिसला, आणि राग गिळला मी.

सुहासिनीताई रविवारी घरी आल्या. चहा झाला. मग अगदी सहज दीप्तीला म्हणाल्या, "तू ह्याच्यावरच शिकलीस ना? मला एक कार्ड वाचून दाखव बेटा, म्हणजे कसं शिकवायचं ते कळेल मला."

दीप्तीने हातात कार्ड घेतलं. बारा वर्षांची मुलगी, मम्मीच्या खांद्याला लागलेली. पोट दुखतंय म्हणेल, चष्मा म्हणेल, मला वाटलं. नीलमने तिच्यासाठी काहीतरी बोलायला तोंडसुद्धा उघडलं.

"मला वाचता येत नाही," दीप्ती म्हणाली. "कधीच आलं नाही."

नीलम म्हणाली, "ताई, माफ करा. पेटी आत्ता देता येणार नाही. तिला लागणार आहे. तुम्हाला रुक्मिणीबाईंचा पत्ता देते." त्या गेल्यावर दीप्ती भिंतीवरच्या सोनूबाईंच्या फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, "आजीला तरी सांगायला हवं होतं गं मम्मी. ती रागावली नसती." नीलमने कड्यातून पहिल्या पायरीची कार्डं सोडवली आणि पिसायला घेतली.

तर मित्रांनो, तुमचं कुठे अडत असेल तर अडलंय म्हणून मोकळे व्हा, आठवीत असाल तरी. आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसांनाही माझा निरोप द्या. बरोबर म्हणण्याआधी, मूल कुठे बघतंय तेवढं बघा.

आम्ही सध्या अकराव्या कार्डावर आहोत. मैत्रिणी खेळायला बोलवायला आल्या की माझी कार्डं त्यांना दिसू नयेत म्हणून दीप्ती दार लावून घेते. तुमच्या वर्गात कोणी अशी असेल, तर तिला हसू नका.