साखरबाईंच्या मांडीवरचा डबा

मी एक जुना, चार पुडांचा स्टीलचा डबा आहे. बोईसरमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, ओट्याच्या वरच्या फळीवर मी राहतो. माझ्या खालच्या पुडाला पोचा आहे आणि कडीचा एक चाप बरीच वर्षे सैल होता. पण मित्रांनो, माझे झाकण अजून घट्ट बसते. डब्याचे वय झाकणावरून ठरवावे, पोच्यांवरून नाही.

माझा जन्म पत्र्याच्या गोल चकतीतून झाला. चकती साच्यावर ठेवली, वरून दाब आला आणि तिची वाटी झाली. पत्रा फाटला नाही, फक्त ताणला गेला. तेव्हा मला वाटले, आयुष्यातले अवघड ते होऊन गेले.

मी या घरात आलो तो बक्षीस म्हणून. या घराचे धनी पंढरी एका कारखान्यात बॉयलर सांभाळत. ते आणि त्यांच्या पत्नी साखरबाई सांगोल्याकडचे. कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सत्तावीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा होती. पंढरींचे वाक्य पहिले आले. माझ्या झाकणावर बारीक ठिपक्यांनी त्यांचे नाव आणि ते वाक्य कोरले आहे: ‘नीट जा, नीट ये, दारात कोणी उभं आहे.’

साखरबाईंनी मला हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिले. "येवढा मोठा डबा रोजला कशाला? ह्यो सहलीचा डबा," त्या म्हणाल्या, आणि माझे काम ठरले.

पहिली सहल त्याच महिन्यात निघाली. पंढरींच्या खात्यातली माणसे दोन जीपगाड्यांतून केळव्याच्या समुद्रावर जाणार होती. साखरबाईंनी तोपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या गावी पाणी टँकरने यायचे. त्या पहाटेच उठल्या. माझ्या वरच्या तीन पुडांत पुरणपोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात भरला, सर्वांत खाली कटाची आमटी.

पालघरच्या पुढे एका खड्ड्यात जीप आदळली. माझा चाप उघडला आणि आमटी शेजारी बसलेल्या साहेबांच्या पत्नीच्या फिकट साडीवर गेली. त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर आवरला आणि थोड्या सरकून बसल्या. कोणी रागावले असते तर साखरबाईंना बरे वाटले असते, असे मला आजही वाटते.

केळव्याला पोहोचल्यावर सगळे वाळूकडे धावले. साखरबाई मागच्या नळाशी जीपच्या सीटचे कापड धूत बसल्या. मध्ये सुरूची झाडे होती. झाडांपलीकडून लाटांचा आवाज येत होता. पन्नास पावले चालल्या असत्या तर समुद्र दिसला असता. त्या चालल्या नाहीत.

परतताना त्यांनी मला मांडीवर घेतले, दोन्ही हात झाकणावर ठेवले आणि बोईसर येईपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही. त्या दिवशी त्यांना गाडीत पहिल्यांदा उलटी झाली. पुढच्या तीन सहलींत तसेच झाले. एकदा चिंचणीच्या रस्त्यावरून परत फिरावे लागले, एकदा नवापूरच्या. मग घरात ठरून गेले की साखरबाईंना गाडी लागते.

"तुमी जावा," त्या म्हणू लागल्या. "मी डबा देते."

आणि मी फिरलो, मित्रांनो! डहाणूकडच्या चिकूच्या वाड्या पाहिल्या, शिरगावचा किल्ला पाहिला, सातपाटीला वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा पाहिल्या. सफाळ्याजवळच्या तांदूळवाडीच्या गडावर मला दगडाचा टेकू देऊन ठेवले होते. माझ्यातली शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी अनेकांनी वाखाणली. लोक बोटे चाटत आणि म्हणत, डबा फार छान आहे हो. ते ऐकून मला अभिमान वाटे. डबा भरणारी घरी आहे, हे माझ्या लक्षात येत नसे.

संध्याकाळी साखरबाई मला घासत. माझ्या कडेला वाळू अडकलेली असे. ती त्या दोन बोटांत चोळून पाहत.

"बारीक हाय," एकदा त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आपल्या माणनदीसारखी न्हाय."

अशी वर्षे गेली. मुलगा अक्षय मोठा झाला, त्याने गाडी घेतली. भाविका सून होऊन आली. ती वाणगावची, वडिलांची चिकूची वाडी, आणि ती स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. बोलते कमी, विचारते जास्त. अक्षय आणि भाविकाची मुलगी स्वरा आता नऊ वर्षांची आहे. पंढरी निवृत्त झाले.

गेल्या डिसेंबरात स्वराने जेवताना विचारले, "आजी, तू समुद्र खरंच कधीच पाहिला नाहीस? आपल्यापासून आठ किलोमीटरवर आहे!"

"काय बघायचं त्यात? पानीच ते," साखरबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी पोळी उलटायला उशीर केला आणि ती करपली. ते भाविकाने पाहिले.

"आई, गावाला जाताना एसटीत त्रास होतो का?" तिने विचारले.

"न्हाय गं. सांगोल्यापातुर निवांत जाते."

"तिथे इतके तास काही होत नाही, आणि नवापूरच्या रस्त्याला दहा मिनिटांत होतं?"

"ल्हान गाडी सोसत न्हाय मला. पोटाला बराबर कळतं."

"लई हुशार पोट हाय तिचं," पंढरी म्हणाले. "आरटीओत लावाय पायजे."

भाविका हसली नाही. "निघण्याआधी काय खाता?"

"काय बी न्हाय. आदल्या रातीपासनं कडकडीत उपास. पोटात असलं तर भायेर पडंल ना!"

"आणि गाडीत डोळे मिटून बसता?"

"डोळं मिटून कसं चालंल? डबा सांडंल की!"

"एसटीत डबा कुठे असतो?"

"पायाशी. पिशवीत. तिथं मी खिडकीतनं बघत बसते."

भाविकाने मान वर करून फळीवर पाहिले. माझ्याकडे. मित्रांनो, मला चेहरा असता तर त्या क्षणी मी तो भिंतीकडे फिरवला असता.

मग तिने सगळ्यांना समजावून सांगितले. माणसाच्या कानात आत अगदी बारीक, वाकड्या नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. गाडी वळली, उडाली, की तो द्रव हलतो आणि मेंदूला कळवतो, आपण हलत आहोत. खिडकीबाहेर पाहणाऱ्याचे डोळेही तेच सांगतात. पण मांडीवरच्या डब्याकडे पाहणाऱ्याचे डोळे म्हणतात, इथे तर काही हलत नाही.

"मग कान आणि डोळ्यांचं भांडण लागतं," भाविका म्हणाली.

"पण उलटी तर पोटाला होते," स्वरा म्हणाली.

"भांडण दोघांचं, त्रास तिसऱ्याला."

"म्हंजी घरातल्यासारखंच," साखरबाई म्हणाल्या, आणि पंढरी भाजी वाढून घेण्यात एकदम गुंतले.

भाविकाने तीन गोष्टी ठरवल्या. निघण्यापूर्वी थोडे कोरडे खायचे आणि वाटेत थांबून थोडे थोडे खात राहायचे. पुढच्या सीटवर बसून लांब पाहायचे. आणि डबा मांडीवर घ्यायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी साखरबाईंनी लगेच मान्य केल्या.

"आन् डबा कोन धरनार?"

"मी नाही," स्वरा म्हणाली. "मग मला होईल!"

"डब्याला पट्टा बांधू," पंढरी म्हणाले. "बॉयलर सांभाळलाय मी. चार पुडांचं प्रेशर सांभाळता येतंय मला."

साखरबाईंनी तव्याखालचा गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "बरं. येवढं एकडाव. पर ह्या टायमाला झालं तर पुन्हा कुनी समुद्राचं नाव काढायचं न्हाय. मी माझ्या घरात बरी."

सगळ्यांनी मान हलवली. चेष्टा करावी असे ते बोलणे नव्हते.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही केळव्याला निघालो; तिथलाच समुद्र पाहायचा राहिला होता. पंढरींनी माझा सैल चाप सुतळीने बांधला, मला मागच्या सीटवर मध्ये बसवले आणि माझ्यावरून सुरक्षा पट्टा ओढून घेतला. माझ्या एका बाजूला स्वरा आणि पंढरी, दुसऱ्या बाजूला भाविका. अक्षय गाडी चालवत होता. साखरबाई पुढे, हातात मी नसल्यामुळे अवघडलेल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर गोल धरले होते, जणू मी तिथेच होतो.

उमरोळीला पहिला थांबा. सगळे उतरले आणि कडक भाकरीचा एकेक तुकडा चटणीशी खाल्ला. साखरबाईंनी कापणी झालेली भातखाचरे पाहिली. "हितं भाताचा पेंढा असा रचत्यात होय," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो रस्ता नीट पाहिलाच नव्हता, सहलीत फक्त माझे झाकण पाहिले होते.

पालघर मागे पडले. आणि एका वळणावर गाडी खड्ड्यात आदळली.

साखरबाई झटकन मागे वळल्या. "सांडलं का?"

"नाही आजी, मी बघतेय ना!" स्वराने माझ्या झाकणावर हात ठेवला.

पण साखरबाई माझ्याकडेच पाहत राहिल्या. गाडी वळत होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तोंडावर पदर धरला. अक्षयने गाडी बाजूला घेतली आणि त्या घाईने उतरल्या.

पंढरी उतरले. "परत फिरायचं का गं?" त्यांनी हळूच विचारले.

साखरबाई झाडाला हात टेकून उभ्या होत्या. लांबवर ताडाच्या झाडांची रांग होती. भाविका शेजारी जाऊन उभी राहिली. तिने आल्याची वडी पुढे केली. साखरबाईंनी ती तोंडात टाकली आणि ताडांकडे पाहत राहिल्या. एक मिनिट गेले. दोन गेली. मळमळ ओसरली, उलटी झाली नाही. मग त्यांनी कपाळ पुसले.

"साडी खराब झाली कुनाची?" त्यांनी विचारले.

"नाही, आई."

"मग चला. आता डबा मागं हाय. त्येचं तो बघंल."

मित्रांनो, माझ्याविषयी इतके चांगले त्याआधी कोणी बोलले नव्हते.

केळव्याजवळच्या माहीमच्या वाड्यांपाशी आम्ही पुन्हा थांबलो. तिथे सगळ्यांनी वेलची केळी खाल्ली आणि साखरबाईंनी पानवेलींचे मांडव वाकून पाहिले. मग केळवे आले. सुरूची झाडे तीच होती. नळ नवा होता, पण जागा तीच. साखरबाई तिथे क्षणभर थांबल्या. पंढरींनी मला उचलून घेतले होते. तेही थांबले.

"त्या दिवशी मी तुला बोलवाया याय पायजे हुतं," ते म्हणाले.

"आता आलायसा न्हवं," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. स्वरा मोठ्याने पावले मोजत होती. त्रेपन्न झाली.

साखरबाई पाण्यापासून थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. डावीकडून उजवीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडून डावीकडे. कुठेच काठ दिसेना. अक्षयने फोन काढला होता, पण त्याने फोटो काढला नाही.

"येवढं पानी," त्या शेवटी म्हणाल्या. "आन् एक घोट बी प्यायचा न्हाय!" मग चपला काढून त्या सरळ आत गेल्या.

दुपारी माझे चारही पूड वाळूवर मांडले गेले. सुरूच्या सावलीत भागी नावाची एक बाई उकडहंडी विकत होती. तिने जमिनीवर मडके उपडे ठेवून त्याच्याभोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवल्या होत्या. साखरबाई विस्तवाजवळ जाऊन बसल्या.

"पानी किती घालतीस गं?"

"पानी नाय घालत, मावशी. कोनफल, रताळी, वालाच्या शेंगा, आपल्याच पान्यात शिजतात. आमी तोंड पाल्यानं बंद करतो, मंग उपडी ठेवतो."

"उपडी? आन् सांडत न्हाय?"

"घट्ट बसवलं की काय सांडतंय!"

साखरबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि हसल्या. त्यांना तसे मोकळे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

निघताना त्यांनी माझे पूड धुऊन भागीपुढे ठेवले. "शेजारच्या मंदाला न्यायचंय. चारी भर." भागीने वाफाळणारी रताळी आणि शेंगा माझ्यात भरल्या. इतकी वर्षे मी घरून भरून निघत होतो आणि रिकामा परतत होतो. त्या दिवशी मी भरलेला परतलो, आणि मला साखरबाईंनी भरले नव्हते.

पंढरी मला पट्टा बांधू लागले तेव्हा साखरबाईंनी माझ्या झाकणावरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचले. "नीट जा, नीट ये, दारात कोणी उभं आहे." मग पंढरींकडे पाहून म्हणाल्या, "आज दारात कोन बी न्हाय. कुलूप हाय."

मित्रांनो, माझ्या सैल चापाच्या जागी आता नवा चाप बसला आहे. डबे घासून, पुसून, कोरडे करून ठेवा. ते पुष्कळ वर्षे टिकतात. आणि सहलीला निघताना डबा गाडीत ठेवला की लगेच दार लावू नका. तो कोणी भरला ते आठवा, आणि ती व्यक्ती गाडीत बसली आहे ना, ते पाहा. नसेल, तर वर जाऊन तिला घेऊन या. मी थांबेन. मला पट्टा बांधलेला आहे, माझे काही सांडत नाही.