झेंडा कोण घेणार

“त्याला जिन-हुओ बाहुलाच वाटला म्हणे,” मुकादम ग्वो म्हणाला. “ड्रायव्हरचा जबाबच आहे तसा.”

जिन-हुओ काकांची बायको, सू-चू काकू, उदबत्ती पेटवत होत्या. युनलिनच्या किनाऱ्यावरच्या खारट वाऱ्यात ती तिसऱ्यांदा विझली. काकूंनी पुन्हा काडी ओढली. मीच बोलले.

“वाटणारच! रस्त्याच्या प्रत्येक कामावर झेंडा हलवणारे विजेचे बाहुले तुम्हीच उभे केलेत. लोकांच्या डोक्यात बसलं, झेंडा हलतोय म्हणजे प्लास्टिक. उडवलं तरी रक्त येत नाही.”

“यू-मेई, तू शंकू मांडायला आहेस. शंकू मांड.”

अकरा वर्षं मी महामार्गाच्या कामांवर गाड्या वळवायचे शंकू मांडते आहे. जिन-हुओ काका सगळ्यांच्या पुढे, येत्या गाड्यांना इशारा द्यायला झेंडा घेऊन. त्यांच्याही पुढे धक्का गाडी उभी असायला हवी, मागच्या बाजूला जाड गादी लावलेला ट्रक. चुकलेली मोटार आधी त्याच्यावर आदळावी म्हणून. कागदावर ती रोज यायची. रस्त्यावर मी ती दोनदा पाहिली, दोन्ही वेळा साहेब फोटो काढायला आले होते.

काकांचा एक नेम होता. सोडवणारा माणूस येऊन झेंडा हातात घेऊन “जागा घेतली” म्हणेपर्यंत ते हलायचे नाहीत. “लघवी तुंबली तरी चालेल पोरी, जागा रिकामी ठेवणार नाही,” म्हणून हसायचे. मंगळवारी दुपारी त्यांना सोडवायला मी डबा खाऊन निघालेच होते. दोनशे पावलं उरली असताना एका मोटारीने त्यांना उडवलं. जागीच गेले.

आज शुक्रवार. त्यांच्या जागी नवा बाहुला झेंडा हलवत होता. अंगात कोरं करकरीत जाकीट.

माणूस जिथे पडतो तिथून त्याच्या जिवाला हाक मारून घरी न्यावं लागतं, वाटेत पूल आला की त्याला सांगावं लागतं, नाहीतर तो मागेच राहतो. भटजींनी घंटा वाजवली. “जिन-हुओ, चल घरी,” काकूंनी हाक मारली आणि लाकडाच्या दोन चंद्रकोरी रस्त्यावर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली की गेलेला माणूस ‘हो’ म्हणाला असं समजायचं. दोन्ही पालथ्या. पुन्हा टाकल्या. पुन्हा. सात वेळा नाही.

ग्वोने घड्याळ पाहिलं. “वहिनी, आटपा जरा. एक लेन बंद आहे. विधीचा खर्च कंपनीनेच केलाय, तुम्हाला कमी पडू दिलं का?”

“काहीतरी अडलंय,” भटजी म्हणाले. “काय राहिलं असेल त्यांचं?”

काकू बाहुल्याकडे बघत म्हणाल्या, “तो येणार कसा? त्याला सोडवायला कुणी आलंच नाही.”

मी गेले आणि बाहुल्याच्या हातातून झेंडा उपसला. त्याचा रिकामा हात वर-खाली होतच राहिला.

“मी घेते जागा. पण धक्का गाडी उभी राहिल्यावर.”

“ती दुसऱ्या कामावर आहे.”

“मग बोलवा.”

“घरी बसवीन तुला!”

“बसवा. तोवर इथे बसते.” मी कठड्यापाशी बसले. रोलरवाल्याने रोलर बंद केला आणि शेजारी येऊन बसला. मग फावडी खाली पडली, एकेक करत सगळीच. ग्वोने आईवरून शिवी हासडली आणि फोन लावला.

अकरा वर्षांत दोनदाच दिसलेली गाडी चाळीस मिनिटांत आली. चाळीस मिनिटांत! एवढ्यावरच अडला होता एका माणसाचा जीव.

ती आडवी लागल्यावर मी तिच्या आडोशाला, काकांच्या जागी उभी राहिले. झेंडा उचलला. “जागा घेतली,” मी मोठ्याने म्हणाले. “सुटलात काका.”

माझ्या पाठीमागे चंद्रकोरी डांबरावर खडखडल्या. मी वळले नाही. झेंडेवाल्याने येत्या गाड्यांवरची नजर काढायची नसते. नंतर पावलं दूर जाताना ऐकू आली, आणि काकूंचा हळू आवाज, जसा घरच्या म्हाताऱ्याला सांभाळून नेताना असतो तसा:

“पूल आलाय हं. मागे राहू नकोस.”