छत्रीवालीचा कौल

दीपमाला पलंगावर पालथी पडून रडत होती आणि मी तिच्या डोक्याशी उभी राहून तिला शिव्या घालत होते. सांत्वन करायची माझी तऱ्हा ही अशी आहे. कुणाला आवडो न आवडो, मला दुसरी येत नाही.

"ऊठ! चार वाजता बाणेरला मुलाखत आहे. दोन वाजून गेले. ऊठ म्हणते ना!"

"नाही जाणार," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "कौल नाही लागला."

आता हा कौल काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, या पोरींना वेड लागलंय.

आम्ही दोघी सदाशिव पेठेत एका खोलीत राहतो. दीपमालाचं घरही पुण्यातच, म्हणजे आता कागदोपत्री पुण्यात. गाव महापालिकेत आलं, माणसं अजून गावातच आहेत. त्यांच्याकडे ग्रामदैवताला कौल लावल्याशिवाय म्हैससुद्धा विकत नाहीत. गुरव देवाच्या अंगाला दोन्हीकडे ओली फुलं चिकटवतो. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

अशा घरातली ही मुलगी सी.ए.च्या क्लासला म्हणून शहरात आली आणि ताळेबंद सोडून माणसांची चित्रं काढत बसली. पण काय काढते! माझं चित्र पाहून माझ्या आईने विचारलं, "इतकी चिडकी दिसतेस का गं तू?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "दिसतेसच म्हणा."

बाणेरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं, चित्रकार म्हणून. इकडे तिच्या वडिलांनी, दत्तोबाकाकांनी, बजावून ठेवलेलं की गुढीपाडव्यापर्यंत काय ते जमव, नाहीतर घरी ये आणि भावाच्या, विक्रमदादाच्या, सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बस. पाडवा येत्या रविवारी होता. म्हणजे आजची मुलाखत हुकली की दीपमाला गेलीच. सगळं एवढं सरळ होतं. आणि बाईसाहेबांनी काय करावं? फोनवरच्या गेमला कौल लावला!

हा गेम फुकटात खेळता येतो, पण त्यातली पात्रं आणि हत्यारं नशिबाने मिळतात. खेळून खेळून मोती साठवायचे आणि ते टाकून सोडत काढायची, म्हाडाच्या घरांची काढतात तशी. त्यात युमेना नावाची एक छत्रीवाली आहे. छत्री उघडली की विजा पडतात म्हणे. तिच्यासाठी दीपमाला दिवाळीपासून मोती साठवत होती. मधल्या कुठल्या सोडतीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आज जेवण झाल्यावर तिने हातपाय धुतले, पूर्वेकडे तोंड करून बसली आणि माझ्यासमोर मोठ्याने बोलली, "युमेना आली तर मुलाखत, नाही आली तर घर." फोनला हळदकुंकू वाहायचं तेवढं शिल्लक ठेवलं.

मला वाटलं, गंमत करतेय. अहो, गंमत कसली! सोडत निघायला लागली. लाकडी तलवार. पुन्हा लाकडी तलवार. एक म्हातारा नावाडी. परत तोच नावाडी. एकदा पडद्यावर सोनेरी उजेड पडला तेव्हा आम्ही दोघी किंचाळलो आणि निघाला कोण, तर एक लठ्ठ बेडूक. मग पुन्हा तलवारी. सगळे मोती संपले आणि ती फोन ठेवून पालथी झाली.

"अगं, तो बेडूकपण बराय की," मी म्हणाले. मला बोलता येत नाही हे मी आधीच सांगितलंय.

हुंदके वाढले.

मग मी चहा टाकला. तो तिने घेतला नाही. नशिबाला नावं ठेवू नये, असं म्हणून झालं. प्रयत्नांती परमेश्वर झालं. "एवढं काय, पुढच्या वेळी येईल," असंही म्हणाले, त्यावर ती ताडकन म्हणाली, "पुढच्या वेळी मी सिमेंट विकत असेन." आणि पुन्हा उशीत.

खरं सांगते, ती गेली तर या खोलीत मी कुणाशी भांडू? मला ती हवी होती, बस्स. तिच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठीसुद्धा. आणि असं काही वाटलं की माझं डोकं अजूनच फिरतं.

"हे सगळं थोतांड आहे!" मी ओरडले. "असल्या सोडतीत कुणालाच काही लागत नाही. थांब, आत्ता दाखवते."

तो गेम माझ्याही फोनवर होता. मैत्रीण आणली की जास्त मोती मिळतात म्हणून हिनेच मला न विचारता तो टाकला होता. सुरुवातीचे फुकटचे मोती तसेच पडून होते. मी कधी उघडलाही नव्हता.

"हे बघ, टाकले सगळे. आता बघ काय कचरा निघतो ते."

दाबलं बटण. पडदा सोनेरी झाला. मग जांभळा. मग आख्ख्या पडद्यावर वीज कडाडली आणि छत्री उघडत ती बाई आली. युमेना! पहिल्या फटक्यात!

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी फोन पाठीमागे लपवायला गेले, पण त्या बयेने जपानीत काहीतरी आरोळी ठोकली. दीपमाला झटक्यात उठून बसली. नाक लाल, केस पिंजारलेले.

"दाखव."

"काही नाही गं, बेडूकच..."

"अपेक्षा, दाखव!"

दाखवला. ती पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग जी सुटली! "तुला? तुला आली? तुला तिचं नाव तरी धड घेता येतं का? छत्रीवाली म्हणतीस तिला! मी दिवाळीपास्नं उपाशी असल्यागत मोती जमवले आन् तू एका बोटात..." चिडली की ती गावचं बोलते. आणि तिने उशी फेकली. ती मला न लागता स्टीलच्या पिंपाला लागली, पिंप कलंडलं, पाणी सगळ्या खोलीभर.

खालून घरमालकीण कौशल्याकाकूंचा आवाज आला. "घर पडलं का?"

"नाही काकू!"

"मग पाडू नका."

ज्याला दात आहेत त्याला चणे नाहीत, आणि माझ्यापुढे तर चण्यांचं पोतं. पण ती उठून बसली होती! दीड तासात पहिल्यांदा तिचं तोंड उशीबाहेर होतं. आणि त्या पाण्यात उभ्या उभ्या मला सुचलं. मी तिची चित्रांची फाइल उचलली, स्कूटरची किल्ली घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं चाललीस?"

"मुलाखतीला. कौल मला लागलाय ना? तू बोललीस, देवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, की युमेना आली तर मुलाखत. आली. माझ्याकडे आली. आता मी गेले नाही तर तुमचा देव कोपेल माझ्यावर."

"फालतूपणा करू नकोस. फाइल ठेव."

"ब्र काढायचा नाही!" म्हणत मी जिना उतरायला लागले. फाटकापाशी स्कूटर काढून, ती चालू करून मुद्दाम एक मिनिट घालवलं. नाही आली तर? मग जिन्यात धाडधाड पावलं वाजली. केस बांधत, ओढणी सावरत ती आली आणि काही न बोलता मागे बसली.

सुटलो! लॉ कॉलेज रस्ता बरा मोकळा होता. सेनापती बापट रस्त्यावर एका रिक्षावाल्याने आडवी घातली, त्याला मी चालत्या गाडीवरून ऐकवलं. विद्यापीठ चौकात मात्र अडकलो. ऊन डोक्यावर आणि पुढे बसचा धूर. तिथे ती माझ्या पाठीला टेकून म्हणाली, "अपे, एक सांगू? ती येऊ नये असंच मला वाटत होतं."

"काय?"

"प्रत्येक तलवार निघाली की जरा बरं वाटायचं. आली नाही म्हणजे जायला नको. ते माझी चित्रं बघून हसले असते, ते टळलं."

मला तिला कवटाळावंसं वाटलं. पण सिग्नल सुटला, म्हणून मी म्हणाले, "गाढव आहेस," आणि गाडी दामटली. रडू मलाही आलं होतं, पण हेल्मेटमध्ये डोळे पुसायची सोय नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना पोहोचलो. थंडगार काचेची खोली, सोफ्यावर आणखी पाचजण, सगळ्यांच्या हातात टॅब. दीपमालाच्या मांडीवर साधी कागदाची फाइल. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फाइल हळूच माझ्या मांडीवर सरकवली.

आतलं दार उघडलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा बाहेर आला. "दीपमाला कोण?"

मी तिला कोपर मारलं. मुलाने पुन्हा विचारलं. आणि ती खाली बघत एवढंच पुटपुटली, "चल ना घरी."

तेव्हा माझं डोकं खरंच फिरलं. मी उठले.

"मी," म्हणाले. "मीच दीपमाला."

"या."

मी फाइल घेऊन निघाले. सदाशिव पेठेतल्या खोलीत ते नाटक होतं, पण इथे तो मुलगा दार धरून उभा होता. आत जाऊन मी काय करणार होते, मला सरळ रेघ ओढता येत नाही! एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. दार समोर आलं. मागून काहीच आवाज नाही. मनात म्हटलं, संपलं, गेली ही सिमेंटच्या दुकानात.

"ए!"

सगळे वळले. दीपमाला उभी होती, लालबुंद.

"ती फाइल माझी हाय," ती म्हणाली. आवाज एवढा चढला की सोफ्यावरच्या एकाने टॅब खाली ठेवला. "चित्रं मी काढलीत. हिला मांजर काढायला सांगा, बटाटा काढंल. दीपमाला मी हाय. मुलाखत माझी हाय."

तिने माझ्या हातातून फाइल हिसकावली, मला बाजूला ढकललं आणि त्या मुलाच्या आधी आत शिरली.

मी मटकन खाली बसले आणि चक्क रडायला लागले. तो मुलगा गोंधळला. दार ओढून घेता घेता म्हणाला, "अहो, रडू नका. पण आशाही फार ठेवू नका हं. जागा एकच आहे, अजून पाचजण बाकी आहेत."

"निवडा नाहीतर नका निवडू," मी नाक पुसत म्हणाले. "गेली ना आत!"