बर्फाची पार्वती

एकोणनव्वद सालच्या गणपतीत आदिलाबादकडच्या गुडीहत्नूर गावातल्या मंडळाने जिवंत देखावा करायचं ठरवलं. हिमालयाच्या बर्फात तपाला बसलेली पार्वती. मंडळाचे चंपतराव देवकाबाईकडे आले. देवकाबाई गावातल्या बायांची पोलकी शिवायची; नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची लेक वच्छला, दोघीच.

"बर्फ दिसला पायजे, देवकाबाई. कापूस चिकटवला तं गादी फाटल्यावाणी दिसते."

देवकाबाईने उभ्या जन्मात डोंगरावरचा बर्फ पाहिला नव्हता. पण तिने हात आखडता घेतला नाही. आदिलाबादहून थर्माकोल, जिलेटीनचा कागद, अभ्रकाची पूड आणि पिशवीभर तुरटी आणली. तुरटी उकळत्या पाण्यात विरघळवून तिने त्यात लोकरीचे धागे टांगून ठेवले. पाणी निवलं तसे धाग्यांवर खडे धरत गेले, टोकदार, काचेसारखे. जिलेटीनच्या पट्ट्यांवर मेणबत्तीचं मेण थेंबथेंब ओघळू दिलं, तेव्हा वळचणीला गोठलेल्या पाण्यासारखे लांब सुळके तयार झाले. जाळीच्या पांढऱ्या कापडावर तिने हे सगळं टाचलं. थर्माकोलचा मुकुट कोरून, डिंक लावून, त्यावर अभ्रक भुरभुरलं.

माप मात्र तिने वच्छलावर घेतलं. पार्वती व्हायची होती एका किराणा दुकानदाराची मुलगी, पण तिचा बांधा वच्छलासारखाच होता आणि वच्छला सदा घरातच असायची.

वच्छलाला कोड होतं. बाराव्या वर्षी ओठाच्या कडेला पहिला डाग आला. आता विसाव्या वर्षी डोळ्यांभोवती, हनुवटीवर, दोन्ही हातांवर पांढरं पसरलं होतं. लग्नाकार्यात देवकाबाई तिला मागच्या दाराशी, पोळ्या लाटायला बसवायची. मुलीने कधी तक्रार केली नाही. आई म्हणेल तिथे बसायची.

देखाव्याच्या दिवशी दुपारी चंपतराव पोशाख न्यायला आले, तेव्हा वच्छला तो अंगात घालून उभी होती आणि देवकाबाई खालची किनार टाचत होती. चंपतराव दारातच थांबले.

"दुकानदाराची पोरगी तापानं फणफणून राह्यली," ते म्हणाले. "इलेच बसवू."

"इले?" देवकाबाईच्या हातातली सुई थांबली. "लोक काय म्हणतीन, भाऊ?"

"रंग लाव की. तोंड पांढरंच करायचं हाय."

वच्छला खाली न बघता म्हणाली, "मी बसतो. पण रंग नको लावू, माय. हाय तशीच बसतो."

"काऊन वो? झाकून जाईन ना समदं."

"म्हणूनच नको."

देवकाबाईने रंग बाजूला ठेवला. चेहऱ्यावर फक्त ग्लिसरीनचा हात फिरवला, गोठल्यासारखी चकाकी यावी म्हणून.

संध्याकाळी निळा दिवा लागला आणि पडदा सरकला. वच्छला डोळे मिटून, हात जोडून बसली होती. तुरटीचे खडे लखलखत होते. ओठांच्या कडेला, पापण्यांवर, बोटांवर जणू हिम साचून राहिलं होतं. गर्दी गप्प झाली. कोणीतरी बाई हात जोडून पुढे आली. देवकाबाई खांबाला टेकून बघत राहिली. आपली लेक इतकी देखणी आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं.

त्या वर्षी बदलून आलेला हैदराबादचा एक अधिकारी बायकोसह देखावा बघायला आला होता. चंपतरावांनी देवकाबाईला पुढे आणलं.

"अम्मा," साहेब म्हणाले, "चेहरे पर बर्फ कैसे जमाया? बिलकुल असली लगता है. आपने ही किया?"

चंपतराव मांडवाच्या कनातीकडे बघू लागले. वच्छला हाताच्या अंतरावर होती. तिला हलायचं नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. देवकाबाईला खरं सांगता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं, "हां साब. मैंनेच किया."

साहेबांच्या बायकोने देवकाबाईच्या हातात नारळ ठेवला. वच्छलाच्या मिटलेल्या पापण्या एकदा थरथरल्या, बस.

घरी आल्यावर मुलीने पोशाख उतरवला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "उद्या रंग लाव."

"वच्छला, तो परका मानूस. त्याले काय सांगू मी?"

"काही नको सांगू. रंग लाव."

विसर्जनापर्यंत रोज देवकाबाई तिच्या तोंडावर पांढरा रंग चढवत राहिली. डाग आणि कातडी एक होऊन गेली. लोक येत होते, वाहवा करत होते. पहिल्या दिवसासारखी गर्दी मात्र पुन्हा गप्प झाली नाही.

दिवाळीनंतर वच्छला नेरडीगोंड्याला मावशीकडे गेली आणि तिथल्या बालवाडीत शिकवायला लागली. पुढल्या वर्षी देवकाबाई तिला भेटायला गेली, तेव्हा वच्छला पोरांच्या घोळक्यात बसली होती. एका लहानग्या पोरीने तिच्या हातावर बोट ठेवून विचारलं, "बाई, हे काय झालं?"

"कोड हाय," वच्छला म्हणाली. "लागत नाही कोणाले. हात लाव."

पोरीने हात लावला. वच्छलाने मान वर केली, दारातल्या आईला पाहिलं आणि शेजारची चटई पुढे सरकवली. देवकाबाई बसली. वाटेवर लेकीसाठी घेतलेली केळी तिच्या मांडीवरच होती. ती आधी लेकीला द्यावी की त्या पोरीला, हे तिला सुचेना.